साठ फुटांवरची आवली

मराठी निबंधात ‘आम्ही’ या सर्वनामाला मोठी परंपरा आहे. चिपळूणकरांपासून अनेकांनी ते एकट्याने वापरले आणि वाचकांनीही ते मुकाट्याने मान्य केले. प्रस्तुत लेखातले ‘आम्ही’ मात्र शब्दशः दोघांचे आहे. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो, सांगलीत एका घरात राहतो, आणि ज्यांच्याविषयी हा लेख आहे त्या आमच्यापैकी एकाच्या आई व एकीच्या सासूबाई आहेत. त्यांच्यासाठी एकवचन वापरावे की आदरार्थी बहुवचन यावर लिहायला बसताना आमचे एकमत झाले नाही. मुलगा आईला ‘तू’ म्हणतो, सून ‘तुम्ही’. शेवटी सुनेचे व्याकरण स्वीकारले.

विषय तारेचा आहे. वरच्या खोलीतला संगणक खालच्या दिवाणखान्यातल्या टीव्हीला आणि होम थिएटरला जोडायचा, एवढेच काम. साहित्याच्या वाचकांपुढे ते मांडताना थोडा संकोच वाटतो. पण ‘संप्रेषण’ हा शब्द आम्ही वीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत. प्रेषक, माध्यम, ग्राहक अशी आकृती काढून तीत बाण दाखवत आलो आहोत. त्या आकृतीतला ग्राहक कोण असतो, हे आम्हाला या खटाटोपात जरा उशिराने उमगले.

आईंचे वय एकोणऐंशी. गेली सात-आठ वर्षे त्यांना कमी ऐकू येते. सुरुवातीला ते आमच्या ध्यानातच आले नाही, कारण त्या प्रत्येक गोष्टीला ‘हो’ म्हणत. आम्ही ‘चहा घेणार का?’ म्हटले की हो, ‘औषध घेतले का?’ म्हटले की हो, आणि ‘शेजारचे काका गेले’ म्हटले तेव्हाही प्रसन्नपणे हो. त्या दिवशी आम्ही चपापलो. कानाच्या डॉक्टरांनी तपासणीचा आलेख पुढे ठेवला. डावीकडची रेषा जवळपास सरळ होती, उजवीकडे ती घसरगुंडीसारखी खाली उतरत होती. म्हणजे खालच्या पट्टीचे ध्वनी ठीक पोचतात, वरच्या कंप्रतेचे पोचत नाहीत. वार्धक्यातल्या बहिरेपणाचे हे नेहमीचे रूप आहे, असे ते म्हणाले. भाषेत स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘त’, ‘क’ यांची ओळख पटवणारी सळसळ आणि स्फोट वरच्या पट्टीत. मराठीच्या दोन प्राध्यापकांना याहून सोपे करून सांगण्याची गरज नव्हती. आईंपर्यंत स्वर पोचत होते, व्यंजने वाटेत गळत होती. त्यांना आमचे बोलणे ऐकू येत होते, पण कळत नव्हते. आणि आम्ही इतकी वर्षे आवाज वाढवून त्यांना अधिक मोठे स्वर पुरवत होतो.

श्रवणयंत्र आणले. समोरासमोर बसून बोलताना त्याचा उपयोग होतो. पण टीव्ही, वरचा पंखा, स्वयंपाकघरातली शिट्टी हे सगळे एकदम आले की यंत्र सगळ्यांनाच मोठे करते. राहिलेली गळती आई ओठ वाचून भरून काढतात. हे त्यांना कोणी शिकवले नाही. आपल्या जुन्या व्याकरणकारांनी वर्णांची उच्चारस्थाने सांगितली आहेत, त्यांचा असाही एक उपयोग असतो हे आम्हाला ठाऊक नव्हते. ओष्ठ्य वर्ण डोळ्यांना दिसतात, पण प, फ, ब, भ, म हे पाचही एकसारखेच दिसतात; कंठ्य तर मुळीच दिसत नाहीत, ते घशात घडतात. म्हणजे ओठ वाचणे हे अर्धे वाचन आणि अर्धा अंदाज. संध्याकाळी दमल्यावर अंदाज करण्याचे त्राण उरत नाही. मग आई टीव्हीसमोरून उठत आणि ‘तुमचं चालू द्या’ म्हणून आत जात.

प्रभातचा ‘संत तुकाराम’ त्यांचा जीव की प्राण. चित्रपट १९३६चा. दामले-फत्तेलालांचे दिग्दर्शन, शिवराम वाशीकरांची कथा-पटकथा, तुकारामांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. १९३७मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, हे आपण विद्यार्थ्यांना सांगतोच. आईंनी तो लहानपणी कृष्णाकाठच्या माहेरी, जत्रेतल्या तंबूत प्रथम पाहिला. त्यांना पागनीसांपेक्षा गौरीबाईंची आवली प्रिय. विठ्ठलावर चिडणारी, नवऱ्यावर चिडणारी, आणि पोरांच्या पोटासाठी चिडणारी. समीक्षेत आपण आवलीविषयी बरेच लिहिले-वाचले आहे. पण ती म्हशीशी बोलते तेव्हा आई जशा हसत, तसे आम्ही कोणत्याही परिसंवादात कोणाला हसताना पाहिले नाही. ते हसणे बंद झाले होते. दोन वर्षांपूर्वी आषाढीला टीव्हीवर चित्रपट लागला होता. आई पंधरा मिनिटे बसल्या आणि म्हणाल्या, ‘नुसती तोंडं हलतात गं.’

तेव्हा ठरवले की चित्रपटाला मराठी अक्षरे द्यायची. इंग्रजी सबटायटल्स आईंच्या कामाची नव्हती. मराठी चित्रपटाला मराठी सबटायटल्स कशाला, असा प्रश्न आम्हाला दोन सहकाऱ्यांनी विचारला. तो विचारणाऱ्यांचे कान शाबूत होते. आमच्याकडे विकत घेतलेली तबकडी होती. सुट्टीत आम्ही वरच्या खोलीत बसून एक-एक वाक्य ऐकत, थांबवत, टाइप करत गेलो. प्रत्येक ओळीपुढे ती कधी उमटायची आणि कधी पुसायची याची वेळ लिहावी लागते: तास, मिनिटे, सेकंद आणि सेकंदाचे हजारावे भाग. एका वेळी दोन ओळींहून अधिक नको. वयस्क डोळ्यांना ओळ जरा जास्त वेळ हवी. वाक्य तोडायचे तर विभक्तीच्या प्रत्ययापाशी नव्हे, श्वासापाशी. अभंगांसाठी गाथा उशाशी होतीच. (चित्रपटातले एक पद शांताराम आठवल्यांनी लिहिलेले आहे आणि पुष्कळांना ते तुकोबांचेच वाटते, हे माहीत असूनही आमच्यापैकी एकाने ते अर्धा तास गाथेत शोधले. कोणी, ते सांगत नाही.)

काम संपले. पेनड्राइव्हवर चित्रपट आणि अक्षरांची फाइल घेतली, टीव्हीला लावली, आणि पडद्यावर जे उमटले ते पाहून आम्ही दोघे अक्षरशः ओरडलो. ऱ्हस्व वेलांट्या अक्षराच्या चुकीच्या बाजूला, जोडाक्षरे पाय मोडून सुटी पडलेली, रफार हवेत. ‘विठ्ठल’ असा दिसत होता की त्याला विटेवरून ढकलून दिल्यासारखे वाटावे. टीव्हीतल्या त्या छोट्या प्लेअरला देवनागरीची चिन्हे ठाऊक होती, ती एकमेकांत मिसळतात हे ठाऊक नव्हते. संगणकावर तीच फाइल निर्दोष दिसत होती. म्हणजे चित्र संगणकातूनच यायला हवे होते.

संगणक खाली का नेला नाही, असे कोणी विचारील. वरच्या खोलीत आमच्या दोघांची टेबले, पुस्तके, तपासायच्या उत्तरपत्रिका, प्रबंधांचे ढीग. शिवाय आमचा संगणक जुना, त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा चालतो, आणि आईंच्या यंत्राला नेमका तोच आवाज आधी सापडला असता. खाली सातव्या वेतन आयोगाच्या थकबाकीतून घेतलेला रिसीव्हर आणि पाच स्पीकर होते. त्यांतला मधला स्पीकर आम्हाला हवा होता, कारण होम थिएटरमध्ये संवाद मुख्यतः त्या मधल्यातून येतात. जुन्या चित्रपटाचा ध्वनी एकपदरी असतो. दोन्ही बाजूंना तेच. रिसीव्हरला योग्य त्या पद्धतीवर ठेवले की दोन्हीकडे जे समान आहे ते तो मधल्या स्पीकरकडे वळवतो, आणि मग त्या एकट्याचा आवाज वाढवता येतो. आईंच्या खुर्चीसमोर, चेहऱ्याच्या उंचीवर, एकाच जागेवरून येणारा आवाज. आम्हाला एवढेच हवे होते.

टेबलापासून जिन्यावरून रिसीव्हरपर्यंत दोरी लावून मोजले तेव्हा साठ फूट भरले. म्हणजे अठरा मीटर. आम्ही वीस मीटरची लांबलचक एचडीएमआय केबल आणली. बोटभर जाड, वळायला नकार देणारी. ती लावल्यावर टीव्हीवर क्षणभर चित्र आले, त्यात पांढरे ठिपके चमकले आणि काळोख झाला. पुन्हा चित्र, पुन्हा काळोख. आमच्या लहानपणी छपरावरच्या अँटेनाला कावळा बसला की पडद्यावर मुंग्या येत. चित्र खराब होई, पण जात नसे. मुंग्यांतूनही माणूस रामायण पाहत असे. या नव्या जातीच्या संकेताला अशी पडझड ठाऊक नाही. तो बऱ्याच अंतरापर्यंत पूर्ण असतो आणि मग थोडक्यात नाहीसा होतो. पूर्ण एचडी चित्र म्हणजे सेकंदाला सुमारे ४.४५ अब्ज बिट. तांब्याच्या तारेत अंतर वाढते तशा त्या शून्य-एकच्या कडा बोथट होत जातात, आणि एका मर्यादेपलीकडे पलीकडच्या टोकाला शून्य कोणते आणि एक कोणता हे ओळखता येत नाही. आईंच्या कानाचे याच्या उलट आहे, असे तेव्हा मनात आले. तिथे मुंग्या होत्या, आणि मुंग्यांतून त्या पाहत होत्या. आम्हीच पडदा काळा झाला असे समजून बसलो होतो.

केबल परत करायला गेलो तेव्हा दुकानदाराने ती घेतली नाही. मात्र बाहेर एक जुना विद्यार्थी भेटला. बी.ए.ला मराठी घेऊन तो आमच्याकडे कसाबसा उत्तीर्ण झाला होता आणि आता सोसायट्यांमध्ये कॅमेरे व नेटवर्क बसवण्याचा त्याचा चांगला व्यवसाय आहे. ‘सर, एक्स्टेंडर लावू या की,’ तो म्हणाला, ‘मॅडम, दोन डब्या असतात नुसत्या.’

रविवारी तो आला. दोन डब्या: एक संगणकापाशी, एक रिसीव्हरपाशी. पहिली डबी एचडीएमआयच्या १९ पिनांतून आलेला मजकूर घेते आणि साध्या नेटवर्क केबलच्या चार जोड्यांवरून पाठवण्याजोगा करते. दुसरी त्याला पुन्हा मूळ रूप देते. मध्ये ती स्वस्त, निळी, सहज वळणारी कॅट-सिक्स केबल. टोकाला आरजे-४५ बसवताना तो तारा एका ओळीत लावत पुटपुटत होता: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. वृत्ताचे गण त्याला कधी पाठ झाले नव्हते. ‘दोन्ही टोकांना हाच क्रम. आणि हे भोक राउटरसारखं दिसतं म्हणून तिथं लावू नका हं, सर. दिसायला तेच, पण ही भाषा वेगळी.’

त्याने सांगितलेली जोड्यांची गोष्ट आम्हाला फार आवडली. प्रत्येक जोडीतल्या दोन तारा एकमेकींना पीळ घालून असतात आणि दोघींतून एकच संदेश उलटसुलट जातो: एकीत चढ तर दुसरीत उतार. बाहेरचा उपद्रव आला तर तो दोघींवर सारखाच पडतो. पलीकडच्या टोकाला दोघींतला फरक तेवढा घेतात, तेव्हा सारखे ते वजा होते आणि संदेश उरतो. चारही जोड्यांचे पीळ कमीअधिक ठेवतात, म्हणजे एका जोडीचे बोलणे दुसरीत मिसळत नाही. पंचवीस वर्षांच्या संसाराविषयी यावर काही सुचले होते, पण ते आम्ही दोघांनी परस्परसंमतीने गाळले आहे.

पहिल्या दिवशी तरीही चित्र टिकले नाही. घरात आधीपासून पडून असलेली केबल वापरण्याची काटकसर आम्ही केली होती. विद्यार्थ्याने तिच्या तारेवर पाते फिरवले; वर तांब्याचा रंग, आत पांढरा. ‘अॅल्युमिनियम. वरून तांब्याचा मुलामा.’ अशा तारेचा विरोध शुद्ध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो. अस्सल तांब्याची आणली. मग चित्र आले, पण दर संध्याकाळी सातच्या सुमारास दोन सेकंद जाई. त्याचे कारण सापडायला चार दिवस लागले: सातला टाकीत पाणी चढवायची मोटर सुरू होते, आणि आमची केबल मोटरच्या तारेला खेटून त्याच पट्टीतून गेली होती. ती जिन्याच्या दुसऱ्या बाजूने फिरवली. एका जागी दोन्ही तारांना ओलांडावेच लागले, तिथे काटकोनात.

पण या सर्वांहून विलक्षण वाटले ते अजून पुढेच आहे. संगणक आणि टीव्ही जोडले की चित्र लगेच जात नाही. आधी संगणक एका तारेवर पाच व्होल्टची लहानशी हाक देतो; पलीकडचे यंत्र दुसऱ्या तारेवर ‘आहे’ म्हणून सांगते. मग संगणक विचारतो, तू कोण, आणि तुला काय काय घेता येते? पलीकडून १२८ बाइटच्या एकेका तुकड्यात उत्तर येते: माझे नाव हे, पडदा एवढा, चित्राचे हे-हे आकार मला पेलतात, ध्वनी इतक्या पदरांचा चालतो. त्याला ईडीआयडी म्हणतात. अब्जावधी बिटांच्या महापुराशेजारी ही प्रश्नोत्तरे एका बारीक, संथ तारेवरून चालतात. उत्तर आल्यावाचून यंत्र तोंड उघडत नाही.

हे वाचले तेव्हा आम्ही दोघेही थोडा वेळ काही बोललो नाही. नव्या वर्गात पहिल्या दिवशी आम्ही काय करतो ते दोघांनाही आठवत होते. हजेरी घेतो आणि अभ्यासक्रम सांगू लागतो. समोरच्या साठ जणांपैकी कोणाला काय पेलते हे आम्ही विचारतो ते परीक्षेत. म्हणजे सारे पाठवून झाल्यावर. हाच विद्यार्थी, जो आमच्या जिन्यात ओणवा होऊन केबल ठोकत होता, तीन वर्षे शेवटच्या बाकावर बसत असे. तो मठ्ठ आहे अशी आमची नोंद होती. तो चहा पिताना सहज म्हणाला, ‘मॅडम, तुमचं लेक्चर मला आवडायचं, फक्त त्यातले शब्द समजायचे नाहीत.’ आईही थोड्याफार फरकाने हेच म्हणाल्या होत्या.

तथापि ग्राहकाला विचारले की काम झाले, असेही नाही. आमच्या टीव्हीने अगदी खरे उत्तर दिले: मला फोर-के चित्र चालते. रिसीव्हरने ते उत्तर वर पाठवले, संगणकाने उदार मनाने फोर-के पाठवले, आणि पडदा काळा. मधल्या डब्यांची कुवत १०८० रेषांपुरतीच होती. देणाऱ्याकडे होते, घेणाऱ्याची तयारी होती. वाटेला झेपत नव्हते, आणि वाटेला कोणी विचारलेच नव्हते. उपाय म्हणून डबीवर एक इवलेसे बटण आहे. ते सरकवले की डबी टीव्हीचे उत्तर पुढे न धाडता आपल्याजवळ साठवलेले, बेताचे उत्तर संगणकाला देते. एका परीने ती खोटे बोलते. आईंचे ‘हो, हो’ याच जातीचे होते का, यावर आमच्यात मतभेद आहेत. सुनेचे म्हणणे, त्या वाटेचा भार हलका करत होत्या. मुलाचे म्हणणे, ते विचारायचे काम आपले होते.

सारे जुळले त्या संध्याकाळी आईंना खुर्चीत बसवले. अक्षरे मोठी, पिवळसर, खाली काळी पट्टी. मधला स्पीकर चढवलेला. आवली बोलू लागली. आई पाहत होत्या, पण कपाळावर आठी. आम्हाला वाटले, अक्षरे लहान पडताहेत.

‘ही आधी बोलते आणि मग तोंड उघडते,’ आई म्हणाल्या.

आम्हाला काहीच दिसत नव्हते. पुन्हा पाहिले, तरी दिसेना. विद्यार्थ्याला फोन केला तर तो म्हणाला, ‘आजींचं बरोबर असेल. टीव्ही चित्र गुळगुळीत करत बसतो, त्यात वेळ जातो. आवाज रिसीव्हरकडून सरळ निघून येतो.’ नंतर आम्ही वाचले की या बाबतीत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची एक शिफारस आहे: आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला की सामान्य प्रेक्षकाला जाणवू लागते, पण मागे पडला तर सुमारे १२५पर्यंत जाणवत नाही. असे का, हे आईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘अरे, नदीवर पल्याडच्या काठाला बाई धुणं आपटते तेव्हा आधी हात दिसतो, मग आवाज येतो. आवाज आधी कधी आलाय का?’ कृष्णेच्या पात्राने त्यांना ते साठ-सत्तर वर्षांपूर्वी शिकवून ठेवले होते. आणि जी व्यक्ती ओठांवरून व्यंजने गोळा करते, तिला ओठ आणि आवाज यांची ताटातूट आमच्याआधी कळणारच. आम्हाला कान होते म्हणून आम्ही ओठांकडे पाहतच नव्हतो.

टीव्हीची गुळगुळीत करण्याची हौस बंद केली. रिसीव्हरमध्ये आवाज थोपवून धरण्याची सोय असते. दहा-दहा मिलिसेकंदांनी वाढवत गेलो आणि प्रत्येक वेळी आईंना विचारत गेलो. सत्तरला त्यांनी मान हलवली, ऐंशीला थांबल्या, नव्वदला म्हणाल्या, ‘आता राहू दे.’ गेल्या आठ वर्षांत आम्ही त्यांना एकाच गोष्टीविषयी इतक्या वेळा, आणि उत्तराची वाट पाहत, काही विचारले नव्हते.

मग चित्रपट सलग चालला. आई म्हशीपाशी हसल्या. पुढे एके ठिकाणी त्यांनी हात वर केला.

‘असं नाही म्हणत ती.’

आम्ही थांबवले. आवलीच्या तोंडच्या एका क्रियापदाचे शेवटचे अक्षर आमच्या हातून प्रमाणभाषेतले पडले होते. बोलीतले रूप ऐकूनही दोघांनी, दोनदा मुद्रितशोधन करून, ते शुद्ध करून टाकले होते. आईंना ते अक्षर ऐकू आले असणे शक्य नाही. डॉक्टरांचा आलेख तसे सांगतो. त्यांना ते ओठांवर दिसले की तंबूतल्या त्या रात्रीपासून आठवत होते, हे आम्ही विचारले.

‘आधी नीट लिही,’ त्या म्हणाल्या, ‘मग सांगते.’

आम्ही वर गेलो, अक्षर बदलले, फाइल साठवली. खाली आलो तोवर सात वाजले होते आणि कोणीतरी मोटर सुरू केली होती. चित्र हलले नाही. तोच प्रसंग पुन्हा लावला.